भरल्या ट्रेचं इंग्रजी

"यू विल वेट. डू नॉट कट द लाइन," झुंबर म्हणाली, आणि बर्मिंगहॅमच्या साहेबाने फोन ठेवून दिला.

ठेवला कसला, आपटला. हेडफोनमधून तो दणका थेट तिच्या दाढेपर्यंत गेला. बोर्डात खोचलेली वायर तिच्या चिमटीत तशीच राहिली. तेवढ्यात पलीकडच्या शेडमधून धावत आलेले मोठे साहेब, म्हणजे कारखान्याचे मॅनेजर, आपल्या केबिनमध्ये रिसीव्हर उचलून "हॅलो, हॅलो" करू लागले. त्यांना उत्तर देणारं कोणी उरलं नव्हतं. शेवटी झुंबरनेच दिलं.

"सर, ही हॅज कट द लाइन."

त्र्याऐंशी सालचा फेब्रुवारी होता. अंबडच्या माळावर एकामागून एक कारखाने उभे राहत होते आणि आजूबाजूच्या गावांतली पोरं सायकली हाणत तिकडे नोकऱ्या शोधायला येत होती. तिथल्या गिअर बनवणाऱ्या एका कंपनीत झुंबर पगारे टेलिफोन ऑपरेटर होती. होती म्हणजे अजून पक्की नव्हती. मार्चअखेरीस तिच्या उमेदवारीची मुदत संपायची होती, आणि त्यानंतर कायम करायचं की घरी पाठवायचं हे कंपनी ठरवणार होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी पर्सोनेल ऑफिसर यादवसाहेबांनी तिला बोलावलं. यादव तसे सरळ माणूस. ओरडणं त्यांना जमत नसे, त्यामुळे ओरडायची वेळ आली की ते चष्मा पुसायला घ्यायचे.

"मिस पगारे, तुम्ही व्हिटलॉकसाहेबांना दम दिलात."

"मी त्यांना थांबायला सांगितलं, सर."

"त्यांचा पुन्हा फोन आला होता, मोठ्या साहेबांच्या घरी. तुमची ऑपरेटर मला हुकूम सोडते म्हणाले. आपलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक आहे ते."

"माझं इंग्रजी चुकलं का?"

"नाही ना. तेच तर," यादव म्हणाले. त्यांनी चष्मा उजेडाकडे धरला. "चुकलं असतं तर सांगता आलं असतं. शब्द सगळे बरोबर असतात तुमचे. पण ऐकताना वाटतं, कोणीतरी कोर्टाची नोटीस वाचतंय. मुंबई ऑफिसात तुम्हाला काय म्हणतात माहितीये? हेडमिस्ट्रेस."

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"मार्चअखेरपर्यंत बघू. माझ्याकडे कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या एका मुलीचा अर्ज आलाय. तुमच्याबद्दल माझा आकस नाही, एवढं लक्षात ठेवा."

आकस असता तर बरं झालं असतं असं झुंबरला वाटलं. आकसाशी भांडता येतं. शब्द सगळे बरोबर असूनही माणूस चुकतो, यावर काय उपाय करायचा ते तिला कळेना.

असं पूर्ण शब्दांत बोलणं तिने मोठ्या कष्टाने कमावलं होतं. लहानपणी शाळेत "नाय" म्हटलं म्हणून पोरं हसली होती, 'आहे'च्या जागी "हे" म्हटलं म्हणून हसली होती. पाचवीला इंग्रजी सुरू झालं तेव्हा मास्तरांनी विचारलं, हे पुस्तक तुझं आहे का? झुंबरने घरी ऐकलेलं इंग्रजी मोठ्या ऐटीत ठोकून दिलं, "इट एन्ट माइन, सर." मास्तर मारकुटे नव्हते. ते फक्त हसले आणि म्हणाले, "हे बटलरचं इंग्रजी झालं, पोरी. आपण शिकलेल्या माणसासारखं बोलायचं. इट इज नॉट माइन. पूर्ण."

वर्ग खो खो हसला. बटलर कोण, हे सगळ्यांना माहीत होतं. झुंबरचे वडील कोंडाजी देवळाली कॅम्पात लष्करी अफसरांच्या मेसमध्ये वाढपी होते.

त्या दिवसापासून झुंबरने अर्धा शब्द म्हणून तोंडातून काढला नाही. मराठीत आहे, नाही, म्हणाले, आणि इंग्रजीत आय ॲम, डू नॉट, कॅन नॉट. सगळं धुऊन, कडक इस्त्री करून. कॉलनीतल्या बाया म्हणायच्या, नवसाबाईची पोर रेडिओवाणी बोलती. मॅट्रिकला तिला इंग्रजीत वर्गात सगळ्यांत जास्त मार्क पडले, आणि ती बटलरचं इंग्रजी कायमचं विसरली. निदान तसं तिला वाटत होतं.

देवळाली कॅम्पात बुद्धविहाराच्या मागे त्यांच्या दोन खोल्या होत्या. संध्याकाळी झुंबर घरी आली ती सरळ चुलीपाशी जाऊन बसली. नवसाबाई भाकरी थापत होती. कोंडाजी दारात बसून कंदिलाची काच पुसत होता. घरात वीज येऊन बरीच वर्षं झाली होती, पण काच पुसायचा त्याचा हात काही थांबला नव्हता. निवृत्त होऊनही काहीतरी चकचकीत करत बसल्याशिवाय त्याची संध्याकाळ पुरी होत नसे.

झुंबरने सगळं सांगितलं. कोंडाजीने काच खाली ठेवली.

"काय म्हणलीस तू त्याला? मला जसंच्या तसं सांग."

"यू विल वेट. डू नॉट कट द लाइन."

कोंडाजीने कानाच्या पाळ्या धरल्या. "अरारा. अगं, हे तर कर्नलसाब पोरांना झापताना बोलायचे. साब लोक असं पुरं पुरं कधी बोलतात सांगू? एक, लय रागावले की. नायतर शपथ घेताना. 'आय विल नॉट हॅव इट' असं ऐकू आलं की आम्ही ट्रे घेऊन मागं सरायचो. समजायचं, आता बशी उडणार हे."

"मग एरवी कसं बोलतात?"

"एरवी? डोन्ट वरी. वोन्ट बी लाँग. आय्ल सी. झालं."

"वोन्ट म्हणजे विल नॉट, आप्पा."

"असंल. मला काय माहीत? मी ते सबंधच उचललं, बशीसकट कप उचलावा तसं. आत काय काय हे ते कधी फोडून नाय पाहिलं."

झुंबर ताडकन म्हणाली, "पण ते नोकराचं बोलणं आहे. मी तसं बोलणार नाही."

तव्यावर भाकर फुगली आणि नवसाबाई ती उलटायचीही विसरली. झुंबरला आपली जीभ चावावीशी वाटली, पण शब्द गेला तो गेला.

नवसाबाईने करपलेली भाकर काढली आणि लेकीच्या ताटात टाकली. "आपण घरात 'नाय' म्हणतो, ते खोटं हे का गं? का शाळेतलं 'नाही' म्हणलं की जास्ती नाही होतं? तू तापानं फणफणली होतीस तवा मी रातभर काय म्हणत व्हते? काय व्हत नाय, काय व्हत नाय. आता म्हणू का, काही होत नाही म्हणून? त्यानं ताप उतरंल?"

झुंबरला नको असताना हसू आलं. कोंडाजी मात्र हसला नाही. तो उठला, फळीवरून त्याचा जुना ट्रे काढला. निवृत्तीच्या दिवशी मेसने त्याला दिलेला, पितळी कडांचा. त्याने त्यावर पाण्याने काठोकाठ भरलेले पेले मांडले आणि तो उचलला. साठीचा माणूस, पण मनगट हललं नाही.

"इकडं बघ. माझ्या हातात हे वझं. साब तिकडं गप्पात. मला सांगायचंय की मटण यायला वेळ हे. मी काय करणार? वाकणार, बोलणार, सरणार. एका दमात. 'वोन्ट बी अ मिनिट, सर.' आता तुझ्या मास्तरचं म्हणून बघतो. 'इट विल नॉट बी अ...'" ट्रे डचमळला. पाणी नवसाबाईच्या पदरावर उडालं. "बघ. दम पुरत नाय. भरल्या हातानं माणूस थोडकंच बोलतो. साब लोकांचं पण तेच. त्यांच्या हातात ट्रे नसंल, पण डोक्यात काम असतं. आपल्या माणसाशी कोण एवढं सजवून बोलतं?"

"पण तुम्ही वाकायचात ना," झुंबर हळू म्हणाली. "मला वाकायचं नाही, आप्पा. त्यासाठीच तर शिकवलंत मला."

आता मनातलं खरं बाहेर आलं होतं. कोंडाजीने ट्रे खाली ठेवला. एकेक पेला त्याने बोटाने रांगेत सारखा केला.

"मी कंबरेत वाकत होतो. ट्रे खाली न्यायचा म्हणजे वाकावंच लागतं, डॉक्टर पण वाकतो पेशंटवर. आवाज नाय वाकला माझा कधी. इंग्रज गेले, आपले आले, चार बोलणी खाल्ली असतील, पण कोंडाजीचं बोलणं लाचार हे असं कोणी म्हणलं नाय. त्या मास्तरनं तुला बटलरचं म्हणून सांगितलं. त्याला विचारायचं होतं, ते मी कोणाकडून ऐकलं? साबाकडूनच ना? मग ते साबाच्या तोंडात चांगलं आणि माझ्या तोंडात गेलं की बटलरचं?"

इतकी वर्षं आपण वडिलांच्या बोलण्याची लाज बाळगली आणि त्यांना ते ठाऊक होतं, एवढंच झुंबरला कळलं. तिला रडू आलं. तिने ते लपवलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. जेवणं झाली की झुंबरने भरला ट्रे घेऊन चुलीपासून दारापर्यंत यायचं आणि दारात बसलेल्या कोंडाजीला, म्हणजे बर्मिंगहॅमच्या साहेबाला, निरोप सांगायचा. कोंडाजी नाक वर करून, पाय लांब करून असा काही बसायचा की नवसाबाई म्हणायची, नोकरी पोरीची आणि हौस यांची.

"व्हेअरीज युअर मॅनेजर?"

"ही इज..." ट्रे डचमळायचा.

"गार झालं सूप. परत जा."

"हीज ऑन द शॉप फ्लोअर, सर. आय्ल गेट हिम."

"आता कसं? पण सर शेवटाला इतकं ओढू नको. सर म्हणजे मीठ हे. चिमटीनं टाकायचं."

पहिल्या आठवड्यात घरातली जमीन रोज ओली व्हायची. नवसाबाईने ट्रेखाली पोतं अंथरून पाहिलं, मग तिने नाद सोडला. पुढच्या आठवड्यात पाणी कमी सांडू लागलं. मग एक दिवस झुंबरच्या लक्षात आलं की ती ट्रेकडे बघतच नाहीये. शब्द तोंडात यायच्या आधी तिला वाक्य जुळवावं लागत नव्हतं. 'डोन्ट' म्हणताना 'डू नॉट' आठवत नव्हतं. करतोय म्हणताना करतो आहे कुठे आठवतं?

आणि बोर्डावर तर हात रोजच भरलेले. एका हातात स्टोअरची वायर, दुसऱ्यात गेटची, कानात मुंबई. इतके महिने ती ट्रे घेऊनच बसली होती, तिला फक्त माहीत नव्हतं.

मधे एक फजिती झाली. मुंबई ऑफिसच्या ऑपरेटर बाईंनी मोठे साहेब आहेत का विचारलं, आणि झुंबर भलत्याच मोकळेपणाने म्हणाली, "ही एन्ट इन." तारेच्या त्या टोकाला आधी शांतता, मग ठसका लागेपर्यंत हसणं. बाई वयस्कर होत्या, मनाने चांगल्या होत्या. "डोन्ट माइंड, डिअर," त्या म्हणाल्या, "पण हा एवढा शब्द नको. ही इझन्ट म्हण. नाही तर मला माझे गोदीतले मामा आठवतात."

झुंबर घरी येऊन कोंडाजीवर डाफरली. तो ओशाळला.

"ते बराकीतलं हे, मेसमधलं नाय. गोरे सोल्जर बोलायचे तसं. दोन्ही एकाच डोक्यात ठेवलेलं ना, सरमिसळ झाली."

"पाचवीत त्याच शब्दाने माझं हसं झालं होतं, आप्पा."

"मग हे बरं झालं," कोंडाजी म्हणाला. "मास्तर तेवढ्यापुरता बरोबर निघाला. त्याला पण एक मार्क देऊन टाक." त्यानंतर मात्र नवा शब्द सांगताना तो आधी डोळे मिटून आठवायचा, हा कोणाच्या तोंडून ऐकला होता, आणि मगच सोडायचा.

मुंबईहून आता कोणी हेडमिस्ट्रेस म्हणेना, तक्रारही येईना. पण यादवसाहेबही काही बोलले नाहीत. मार्च संपत आला. उन्हाने शेडचे पत्रे तडतडू लागले. शेवटच्या आठवड्यातल्या शुक्रवारी यादव बोर्डाच्या खोलीत आले, दारातच थांबले.

"मिस पगारे, सोमवारी ती मुलगी भेटायला येतेय. म्हटलं, तुम्हाला बाहेरून कळण्यापेक्षा मीच सांगावं. मोठ्या साहेबांनी अजून ठरवलेलं नाही, पण..."

पणच्या पुढे काय होतं ते झुंबरला ऐकायला मिळालं नाही. फोन आल्याची खूण देणारी बोर्डावरची झडप पडली आणि मुंबईची परदेशी लाइनवाली ऑपरेटर म्हणाली, बर्मिंगहॅम बोलतंय, घ्या.

मोठे साहेब केबिनमध्ये नव्हते. आवाराच्या पार टोकाला भट्टीच्या शेडमध्ये होते आणि तिथला फोन सकाळपासून बंद होता. झुंबरने हेडफोनच्या माइकवर हात ठेवला. "सर, व्हिटलॉकसाहेब आहेत. मोठे साहेब भट्टीवर आहेत." यादवांचा चेहरा उतरला. त्यांनी एकदा तिच्याकडे, एकदा बोर्डाकडे पाहिलं आणि ते धावत सुटले. पोट सावरत उन्हातून धावणारे यादवसाहेब खिडकीतून दिसेनासे झाले.

झुंबरने हात काढला. मागच्या वेळी हाच क्षण होता. तिने पाठ टेकली, डोळ्यांसमोर भरलेले पेले आणले आणि एका दमात बोलली.

"गुड आफ्टरनून, मिस्टर व्हिटलॉक. हीज ऑन द शॉप फ्लोअर. वी'व्ह सेंट फॉर हिम. इट वोन्ट टेक लाँग."

तारेत नुसती खरखर. मग त्या साहेबाने सावकाश विचारलं, मागे मला दरडावणारी मुलगी तूच का?

खोटं बोलता आलं असतं. ती ऑपरेटर गेली म्हणता आलं असतं.

"इट्स मी, सर. आय वॉझन्ट ॲंग्री. आय वॉज अफ्रेड."

मी रागावले नव्हते, घाबरले होते. इतकी साधी गोष्ट सांगणं तिला मास्तरांच्या इंग्रजीत कधी जमलं नसतं. पलीकडे पुन्हा खरखर झाली, आणि त्या खरखरीतून हसू आलं. साहेब म्हणाला, माझी आवाज चढवायची सवय वाईट आहे, घरी बायकोही तेच म्हणते. मग त्याने विचारलं, तुमच्याकडे हवा कशी?

"इट्स बॉइलिंग. यू वुडन्ट लाइक इट."

त्याच्याकडे मार्च संपत आला तरी बर्फ पडत होता. ते तुला आवडणार नाही, तो म्हणाला. त्यावर दोघांचं एकमत झालं. तेवढ्यात गेटची झडप पडली. झुंबरने डाव्या हाताने गेटला स्टोअर जोडून दिलं, उजव्याने पडलेली झडप वर केली, आणि तोंडाने बर्मिंगहॅमला सांगितलं, "स्टिल हिअर, सर. आय हॅवन्ट गॉन." पाण्याचा थेंब सांडला नाही.

साहेब आता घाईत दिसत नव्हता. त्याने विचारलं, इतकं छान इंग्रजी कुठे शिकलीस?

यादवसाहेब धापा टाकत दारात परतले होते. मोठे साहेब आपल्या केबिनकडे धावताना झुंबरला काचेतून दिसत होते. आपले वडील काय करत होते, हे तिने या कंपनीत कोणालाही सांगितलं नव्हतं. अर्जावर तिने 'संरक्षण खात्यात नोकरी' एवढंच लिहिलं होतं, आणि तेही खोटं नव्हतं.

"फ्रॉम माय फादर," ती म्हणाली. "ही वॉज अ वेटर, सर. इन द ऑफिसर्स मेस. ॲट देवळाली."

यादवांनी चष्मा काढला, पण पुसला नाही.

साहेब म्हणाला, तुझे वडील मोठे सद्गृहस्थ असावेत. जंटलमन, असा त्याचा शब्द होता.

"ही इज, सर," झुंबर म्हणाली. दोन शब्द, दोन्ही पूर्ण, दोन्हींवर सारखं वजन. मग मोठ्या साहेबांची झडप हलली. "हिअर'ज अवर मॅनेजर नाऊ," असं म्हणून तिने लाइन जोडून दिली आणि स्वतः त्या लाइनवरून बाजूला झाली.

ते बोलणं बराच वेळ चाललं. झुंबरने बाटलीतलं पाणी पिऊन संपवलं. यादव दारातून हलले नव्हते. केबिनचं दार उघडलं आणि मोठे साहेब कपाळ पुसत बाहेर आले.

"यादव, या मुलीने त्याला काय सांगितलं? आजवर तो माझ्याशी हसून बोलला नव्हता. माल उशिरा गेला तरी चालेल म्हणतोय. आणि म्हणाला, फोनवरची ती मुलगी जपा." एवढं बोलून ते पुन्हा भट्टीकडे गेले. त्यांच्यामागे दार आपोआप लागलं.

यादवांनी घसा खाकरला. "मिस पगारे, सोमवारी येताना दोन फोटो घेऊन या."

"कशासाठी, सर?"

"कायमच्या पाससाठी. त्या मुलीला मी अकाउंट्समध्ये बघतो, तिथेही माणूस हवंच आहे." ते निघाले, आणि वळून म्हणाले, "तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा."

त्या संध्याकाळी झुंबर बसमधून उतरली ती जवळजवळ पळतच घरी आली. कोंडाजी दारात होता. आज त्याने काच पुसायला घेतली नव्हती, नुसताच वाट बघत बसला होता. तिने सगळं सांगितलं, यादवसाहेबांच्या धावण्यासकट. नवसाबाई पदर तोंडावर धरून हसली. "आता या घरात जमीन कोरडी ऱ्हाईल," ती म्हणाली, आणि गूळ आणायला आत गेली.

"साब काय म्हणला माझ्याबद्दल?" कोंडाजीने पुन्हा विचारलं.

"जंटलमन म्हणाला."

"मग तू काय म्हणलीस?"

"ही इज, म्हटलं."

"पुरं?"

"पुरं."

कोंडाजीने मान हलवली. "बरोबर. तिथं पुरंच पाहिजे." आणि तो ट्रे पुसायला उठला, कारण त्याला आता तोंड फिरवायचं होतं.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात झुंबरच्या गळ्यात फोटोचा पास लटकला. एका सकाळी बोर्डावर बाहेरची झडप पडली. तिने वायर खोचली, कंपनीचं नाव सांगितलं. पलीकडे कोणी बोलेना. मागे तराजूचा खणखणाट ऐकू येत होता, कोणीतरी पावशेर साबुदाणा मागत होतं. कॅम्पातल्या मोतीराम शेटचं दुकान. बाजारात फोन असलेलं ते एकच किराणा दुकान तिच्या ओळखीचं होतं.

"आवं, बोला की," मागून नवसाबाईचा आवाज आला. "इस्त्रीचा सदरा घालून आलात तेवढा. फोनवर कोण बघणार हे?"

"गप. ऐकू येतं ते," कोंडाजी म्हणाला. मग त्याने घसा साफ केला. पस्तीस वर्षं मेसमध्ये आणि त्याआधी बराकीत त्याने हजारदा बोललेला तो सूर होता, पण आज पहिल्यांदाच तो कोणाकडे तरी स्वतःसाठी काही मागत होता.

"गुड मॉर्निंग. इज मिस पगारे इन, प्लीज?"

झुंबरने एक श्वास घेतला. आवाज तिला सांडू द्यायचा नव्हता.

"गुड मॉर्निंग, सर," ती म्हणाली. "शीज हिअर, सर."

तराजू खणखणला, साबुदाण्याची पुडी बांधली गेली, नवसाबाई "काय झालं? काय म्हणली ती?" विचारत राहिली. सर हा शब्द कोंडाजीने आयुष्यभर दुसऱ्याच्या पानात वाढला होता. तो आपल्याही पानात पडू शकतो, हे बहुधा त्याच्या लक्षात यायला वेळ लागत होता.

मग अगदी हळू, मेसच्या अदबीने तो म्हणाला, "वोन्ट कीप यू, मिस."

वेळ घेणार नाही म्हणाला, पण रिसीव्हर त्याने ठेवला नाही. बोर्डावर गेटची झडप पडली, मग स्टोअरची. झुंबरने एका हाताने ती दोन्ही कामं उरकली. मोतीराम शेटच्या दुकानाची वायर तिने तशीच खोचलेली राहू दिली.